पैज लावून पायी कोची

तन्वी, चिन्मय,

कोचीचे फोटो तुम्हाला मिळाले आहेत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक फोटोत मी शाळा तपासायला आल्यासारखी ताठ उभी आहे आणि अक्काआजीचे डोळे मिटलेले आहेत. पाहणाऱ्याला वाटेल, या दोघी तिथे कुणाला तरी भेटून दुःख व्यक्त करायला गेल्या होत्या. प्रत्यक्षात आम्ही इतक्या हसलो की एका चर्चमधून आम्हाला अत्यंत नम्रपणे बाहेर काढण्यात आलं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे. आई वाचून दाखवेल, पण तिला मधली पानं गाळू देऊ नका.

आधी पैजेबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. अक्काआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. सोलापुरात भवानी पेठेत माडीवरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. खाली मागांचा खडखडाट आणि वर अक्का. मी सात रस्त्याजवळच्या आपल्या फ्लॅटमध्ये एकटी. मागच्या दिवाळीत ती जिन्यात घसरली आणि शेजारची सून कामावरून येईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिली. पाय बरा झाला. माझं मन काही बरं झालं नाही. तेव्हापासून दर रविवारी मी तिला म्हणत होते, अक्का, माझ्याकडे राहायला या, लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे. ती दर रविवारी म्हणायची, बघू की.

कोचीची तिकिटं काढल्यावर मी पुन्हा तो विषय काढला, तेव्हा ती चिवड्यासाठी शेंगा भाजत होती. झारा थांबवून म्हणाली, "तू मला म्हातारी समजतीस. मग पैज लावू. कोचीत सगळं पायी बघायचं. जी आधी रिक्षात बसंल ती हरली. मी हरले तर गाठोडं बांधून तुझ्याकडं येते. तू हरलीस तर हा इषय पुन्हा काढायचा न्हाय. कंदीच न्हाय."

होडीला सूट दिली, कारण पाण्यावरून चालता येत नाही, असं अक्काच म्हणाली. मी ताबडतोब हो म्हटलं. सहलीचं वेळापत्रक मीच करणार होते, आणि ज्याच्या हाती वेळापत्रक त्याच्या हाती पैज, असा माझा हिशोब होता.

फोर्ट कोची

गाडीचा प्रवास वगळते. त्यात सांगण्यासारखं एवढंच घडलं की शेंगाचटणीची पिशवी फुटली आणि माझ्या सगळ्या ब्लाउजांना लसणाचा वास लागला.

आम्ही उतरलो होतो रोझम्मा नावाच्या एका बाईंकडे. बाई माझ्याच वयाच्या, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. खोलीत गेल्यावर अक्काने आधी पलंगावरच्या चादरीचं टोक उलटून पाहिलं, वीण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "आपल्याकडचीच हाय. एवढ्या लांब येऊन पांघरायचं सोलापूरच." मग समाधानाने झोपली.

सकाळी न्याहारीला आप्पे नव्हे, अप्पम. कडेने जाळीदार कुरकुरीत, मधे मऊ, आणि त्याबरोबर नारळाच्या दुधातली भाजी, जिला ते स्ट्यू म्हणतात. अक्काने त्यावर शेंगाचटणी घातली. ते बघून रोझम्माबाईंनीही चिमूटभर घातली, मग चमचाभर. शेवटच्या दिवशी उरलेली पिशवी त्यांनी स्वतःहून मागून घेतली. प्यायला पाणी दिलं ते गुलाबी! कसल्याशा झाडाचं लाकूड घालून उकळतात म्हणे. अक्काने बराच वेळ ते शिवलं नाही, नंतर मात्र ती घरी नेण्यासाठी त्या लाकडाचे ढलपे शोधत हिंडली.

फोर्ट कोची पायी फिरण्यासाठीच बांधलं असावं. गल्ल्या अरुंद, भिंतींना शेवाळ, आणि डोक्यावर पर्जन्यवृक्ष. एकेका झाडाची फांदी अख्ख्या मैदानावर पसरलेली, आणि तिच्यावर आणखी नेच्यांची झुडपं उगवलेली. आपल्याकडे एका बाभळीच्या सावलीत चार म्हशी उभ्या राहिल्या की जागा संपते. अक्का मान वर करून म्हणाली, हितं झाडांनाबी भाडेकरू ठेवायची सवय हाय.

चर्चची गोष्ट तिथलीच. छताला लांबच्या लांब कापडी पंखे टांगलेले. जुन्या काळी बाहेर उभा राहून माणूस दोरी ओढायचा आणि आत प्रार्थना करणाऱ्या साहेबांना वारा लागायचा. हे मी अक्काला हळू आवाजात समजावत होते. अक्काने विचारलं, आणि बाहेरच्याला घाम आला तर त्याची दोरी कोण ओढायचं? खरं तर प्रश्न गंभीर होता. पण तिने तो असा चेहरा करून विचारला की मला हसू आवरेना. मला हसताना बघून तिला आवरेना. मग चर्चमधले एक गृहस्थ आले आणि त्यांनी आम्हाला बाहेरची बाग दाखवली. फारच सुंदर बाग होती.

किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत, ती तुम्ही फोटोत पाहिली. फोटोत कळत नाही ते हे, की ती हलतात. घराएवढं लाकडी धूड पाण्यात वाकतं, घटकाभर तसंच राहतं, मग पाच-सहा माणसं दोऱ्या ओढतात, टांगलेले दगड खाली येतात आणि जाळं पाणी गाळत वर उठतं. एवढा सगळा थाट करून त्यात मूठभर मासे! आम्ही दोघी शाकाहारी, तरी प्रत्येक वेळी जाळं वर आलं की वाकून बघायचो आणि कमी मासे निघाले की हळहळायचो.

तिथेच नजीब आमच्या मागे लागला. नजीब हा रिक्षावाला, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. त्याच्या घरी दखनी बोलतात. त्याचे पूर्वज विजापूरकडून आलेले. हे ऐकल्यावर अक्का म्हणाली, म्हंजे तू आमच्या गावशेजारचाच की, आणि दोघांची गट्टी जमली. पण रिक्षात काही ती बसली नाही. त्याला पैज समजावून सांगितली तेव्हा तर तो हट्टालाच पेटला. जाऊ तिथे त्याची रिक्षा हळूहळू मागून यायची.

"अम्मा, कित्ता चलते? बैठो ना. पैसे कौन पूछा?"

"नक्को रे. चलकेच जाते हम."

मला तो एकदा बाजूला घेऊन म्हणाला की दोघींपैकी कोणीही हरलं तरी त्याला चालेल, पण हरणारी त्याच्याच रिक्षात हरली पाहिजे. मी त्याला शब्द दिला, आणि माझ्या मनात अर्थातच अक्का होती.

धोबीखाना

दुसऱ्या दिवशी मी वेळापत्रकात मुद्दाम लांबचं चालणं टाकलं होतं. धोबीखाना वाटेत नव्हता. वाटेत यावा म्हणून मी वाट वाकडी केली होती.

तिथे वाळत घालायच्या दोऱ्या पाहून अक्का खिळून राहिली. दोन काथ्याच्या दोऱ्या एकमेकींत पिळलेल्या, आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचायचं. चिमटा नाही, काही नाही. वारा कितीही सुटो, कपडा पडत नाही. अक्का म्हणाली, आयुष्यभर चिमटे घेत बसले की मी. तिने एका धोब्याकडून हाताच्या खुणांनी तो पीळ शिकून घेतला आणि मग त्याला खुणांनीच सांगितलं की सोलापुरात चादर पायरीवरून गच्चीवर नेईपर्यंतच अर्धी वाळते. हे त्याने कसं समजून घेतलं कोण जाणे, पण तो आकाशाकडे बघून इतका खिन्न झाला की नक्कीच समजला असावा. तिथल्या हवेत माझा रुमाल दोन दिवस ओलाच होता.

इथपर्यंत माझा बेत उत्तम चालला होता. फक्त एक गोष्ट वेळापत्रकात नव्हती. तुम्ही मोठ्या प्रेमाने पाठवलेले ते पांढरे बूट. बाळांनो, बूट छान आहेत, पण ते तिसऱ्या गल्लीपासून मला चावू लागले. अक्का कोल्हापुरी चपलांत टपटप पुढे, आणि मी मागून एक पाय जपत. प्रत्येक पाटी मी थांबून वाचत होते ती इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. अक्काला ते कळत होतं. ती मधूनच वळून अत्यंत मायेने विचारायची, "दुखतंय का गं? रिक्षा बघू?" मी म्हणायचे, छे, ही पाटी फार महत्त्वाची आहे.

मट्टनचेरी

तिसऱ्या दिवशी मट्टनचेरी. सकाळी निघून बाजाराच्या रस्त्याने पायी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला जुनी गोदामं, आणि दारादारांतून वास. आधी सुंठ, मग मिरी, मग वेलदोडा, मग एकदम कांदे. डोळे बांधून कुणी सोडलं असतं तरी नाकाने शेवटपर्यंत पोचलो असतो. एका गोदामात वाळत घातलेल्या आल्याच्या ढिगाऱ्यापाशी अक्का दोनदा शिंकली, मी चारदा, आणि आतला हमाल आमच्या शिंका मोजत हसला.

राजवाडा बाहेरून अगदी साधा, पण आतल्या भिंतींवर सगळं रामायण. अक्काला कशाचीच पाटी वाचावी लागली नाही. दशरथाच्या राण्यांची बाळंतपणं एका भिंतीवर रंगवली आहेत, तिथे तर ती सुइणीच्या अधिकाराने बोलू लागली. तिच्या मागे चार परदेशी पाहुणे जमले. त्यांना मी इंग्रजीत सांगत गेले, बराचसा भाग गाळून.

दुपार कलली तशी हवा कोंदट झाली, आणि मग ते घडलं ज्याची मी वाट पाहत होते. अक्काची चाल मंदावली. तिने पदराने मान पुसली, एका दुकानाच्या फळीला टेकली. ज्यूंच्या जुन्या प्रार्थनागृहातल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, ज्यांत एकीसारखी दुसरी नाही म्हणतात, त्याही तिने बसूनच पाहिल्या. बाहेर आल्यावर कोपऱ्यावर चहाची टपरी होती. आम्ही बाकावर बसलो. तिथे दूध न घालता लिंबू आणि वेलदोडा घातलेला चहा मिळतो, सुलेमानी. नजीबही तिथेच उभ्याउभ्या पीत होता. अक्काने ग्लास अर्धा केला, रस्त्याकडे बघितलं, आणि हळूच त्याला म्हणाली, "जा बाबा. ला तेरी रिक्षा."

नजीबने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचीच लॉटरी लागली. तो पलीकडच्या गल्लीत लावलेली रिक्षा आणायला धावला. मी बोटांवर मोजत होते: पलंग खिडकीपाशी लावायचा, देव्हाऱ्यासाठी पूर्वेचा कोपरा, लिफ्टचं बटण तिला दाखवायचं.

तेवढ्यात चहावाली ग्लास उचलायला आली. म्हातारी, पांढरं नेसलेली, कानांच्या पाळ्या खांद्याला टेकायच्या बेतात. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मग अक्काकडे, आणि प्रेमाने विचारलं, "नात्तून?"

अक्काने ग्लास खाली ठेवला. "काय म्हणाली ही?"

मला कळलं नाही, मी म्हटलं.

"मला कळलं. नातसून म्हणाली." बाई हसून मान डोलवत होती, नात्तून, नात्तून. "तू माझी नातसून व्हय? म्हंजे मी तुझ्या नवऱ्याची आजी?"

मी म्हटलं, अक्का, तिची भाषा वेगळी आहे.

"त्याला कडेवर घेऊन मी गल्लीभर फिरवलंय, खरं हाय. पण म्हणून आजी? आठ वर्सांनी मोठी हाय मी त्याच्यापेक्षा. आठ."

असं म्हणून ती उठली. मघाशी फळीला टेकणारी बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा अशी उठली. पदर खोचला, चपला सरकवल्या आणि निघाली. मी बुटाची नाडी बांधायला वाकले, कारण थोड्या वेळापूर्वी मीच ती सैल केली होती, आणि मान वर केली तेव्हा रस्त्यावर अक्का नव्हती.

पहिल्यांदा मी हसलेच. मग दोन्ही गल्ल्यांच्या तोंडापर्यंत लंगडत जाऊन आले. ती नव्हती. तिला फोन लावला, आणि तो माझ्याच पर्समध्ये वाजला. मौल्यवान वस्तू एकाच ठिकाणी असाव्यात म्हणून सकाळी मीच तो ठेवून घेतला होता. रोझम्माबाईंचा पत्ताही त्याच पर्समध्ये. अक्काकडे होता एक रुमाल आणि त्या गुलाबी लाकडाचे ढलपे. तिथली पाटी तिला वाचता येत नव्हती. आणि माझ्या डोळ्यांसमोर कोची नव्हतंच. भवानी पेठेतला तो जिना होता, आणि पायरीवर बसून शेजारणीची वाट पाहणारी अक्का.

नजीब रिक्षा घेऊन आला. मागची सीट त्याने फडक्याने पुसलीसुद्धा होती. त्याने विचारलं, बडी अम्मा किधर?

मी त्या सीटकडे पाहिलं. आत बसले आणि म्हटलं, चल.

तो हँडलपाशी बसला. मग त्याने आरशातून विचारलं, "सोच लेव. बैठ गए तुम."

चल म्हटलं ना, मी म्हटलं, मराठीत.

वाटेत त्याला काय झालं ते सांगितलं. डाव्या गल्लीत बघ, उजव्या गल्लीत बघ, असं चाललेलं असतानाच तो हँडलवर डोकं टेकवून हसू लागला. नात्तून म्हणजे त्यांच्या भाषेत नणंद-भावजय. त्या बिचाऱ्या चहावालीने आमचं नातं अगदी अचूक ओळखलं होतं, आपल्या सख्ख्या माणसांनाही जमणार नाही इतकं. मी हसले आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, आणि दोन्ही करत मी रिक्षातून डोकं बाहेर काढून अक्का, अक्का अशा हाका मारत होते. सबंध मट्टनचेरीने ते पाहिलं असावं.

आल्याच्या गोदामापाशी सकाळचा हमाल भेटला. त्याने किनाऱ्याकडे हात केला आणि शिंकण्याची नक्कल केली. म्हणजे ती त्या वाटेने गेली होती.

अक्का सापडली चिनी जाळ्यांपाशी. सकाळभर जी वाट आम्ही थांबत थांबत आलो, ती तिने रागाच्या एका दमात उलटी पार केली होती. सूर्य पाण्यात उतरत होता आणि जाळ्याच्या फळीवर सहा माणसं दोरी ओढत होती. सातवी अक्का होती. साडी खोचलेली, पाय रोवलेले, आणि कोळ्यांच्या सुरात सूर मिळवून ती आपलंच काहीतरी ओरडत होती. जाळं वर आलं. त्यात मासे होते की नाही ते मी पाहिलं नाही.

तिने मात्र मला पाहिलं. आधी माझा चेहरा, आणि मग मी कशातून उतरले ते.

"मालती," ती फळीवरूनच म्हणाली, "हरलीस की गं."

मी म्हटलं, हरले. आणि तिथेच वाळूत बसले. ती खाली आली तेव्हा तिला नात्तूनचा अर्थ सांगितला. तिने तो पुन्हा विचारून घेतला, मग नजीबकडून खात्री करून घेतली, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की एका कोळ्याने आम्हाला पाणी आणून दिलं. गुलाबी. परत जाताना मी रिक्षातून गेले, हरलेलीच होते तर पायांनी काय पाप केलं होतं. अक्का शेजारून चालत आली. नजीबने रिक्षा तिच्या चालीने चालवली.

सोलापूर

चौथा दिवस मी पाय बादलीत ठेवून काढला, तेव्हा त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मी अट पाळली. पुढच्या रविवारी भवानी पेठेत गेले, मंगळवेढ्याहून कुणीतरी हुरडा आणून दिला होता तो दोघींनी खाल्ला, हवेबद्दल बोललो, निघाले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. अक्काने गच्चीवर काथ्याच्या दोन दोऱ्या पिळून बांधल्या होत्या, त्यांचं मी कौतुक केलं. जिना उतरताना तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं.

त्यानंतरच्या रविवारी तिने माझ्यापुढे ताट आदळलं. "तू इचारत का न्हाईस?"

मी म्हटलं, पैज हरले ना. तो विषय काढायचा नाही असं ठरलंय.

"हरली म्हणून तोंडाला कुलूप घालायचं व्हय? आं? दर रविवारी मी न्हाय म्हणायला तयार बसती, आन् तू हुरड्याचं बोलतीस."

अट तुमचीच होती अक्का, मी म्हटलं.

ती भाकरी थापू लागली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि तव्याकडेच बघत म्हणाली, "इचारायचं न्हाय ते तू. मी कुटं हरले? मला कुणाची बंदी न्हाय." मग म्हणाली, "तूच ये की हितं ऱ्हायला. त्या घरात एकटी काय करतीस? लिफ्टसंगं बोलतीस?"

मी सवयीने पर्समधून डायरी काढली आणि पुढचे दिवस पाहू लागले. सगळे रिकामे होते. डायरी परत ठेवली.

तर पोरांनो, हे सगळं मी भवानी पेठेतून लिहिते आहे. येऊन काही दिवस झाले. किती दिवस राहणार ते ठरवलेलं नाही. असं वाक्य मी बहुधा जन्मात पहिल्यांदाच लिहिलं. जिना चढउतार दोघी मिळून करतो, एक पुढे, एक मागे. पुढे कोण यावरून रोज वाद होतो. रविवारी फोन कराल तेव्हा मोठ्याने बोला, खाली माग चालू असतात. आणि आजीला द्या असं म्हणू नका, इथे फोन अक्काच उचलते आणि आपल्याला डावललं म्हणून तिला ते लागतं.